मेरुप्रस्तारापासून संभाव्यतेपर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला निमंत्रण दिले, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संच आणि संभाव्यता या गणिती विषयांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाच्या भारतीय इतिहासाकडे जाणारा सर्वांत जुना रस्ता छंदःशास्त्रातून जातो, आणि त्या रस्त्याने मी आयुष्यभर ये-जा केली आहे. शिवाय त्या रस्त्यावरची दोन महत्त्वाची ठाणी, उज्जयिनी आणि धार, आपल्या इंदूरच्या अगदी जवळ आहेत. म्हणून गणिताचा अधिकारी म्हणून नव्हे, तर शब्दांचा आणि वृत्तांचा अभ्यासक म्हणून मी हा इतिहास आपल्यापुढे ठेवतो.

१. लघू आणि गुरू

वृत्ताचा अभ्यास करताना आपण प्रत्येक अक्षर लघू आहे की गुरू, एवढेच पाहतो. तिसरा पर्याय नाही. एका अक्षराचे दोन प्रकार, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. हे आठ प्रकार म्हणजेच य, म, त, र, ज, भ, न आणि स हे आपले आठ गण. शाळेत ते पाठ करताना आपण दोनाचा तिसरा घात पाठ करीत असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या पिंगलाने छंदःसूत्रात हा विचार शास्त्राच्या पायरीवर नेला. दिलेल्या अक्षरसंख्येची सर्व रूपे क्रमाने मांडणे म्हणजे प्रस्तार. प्रस्तारातील अमुक क्रमांकाचे रूप कोणते, हे सर्व यादी न लिहिता काढणे म्हणजे नष्ट. आणि दिलेल्या रूपाचा क्रमांक काढणे म्हणजे उद्दिष्ट. एकूण रूपे किती, हे काढण्याचीही पिंगलाची रीत सुटसुटीत आहे. अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्धे करावे आणि वर्गाची खूण करावी. विषम असेल तर एक वजा करावा आणि दुपटीची खूण करावी. शून्य आले की एकापासून आरंभ करून खुणा उलट क्रमाने वाचाव्यात. सहा अक्षरांसाठी क्रमाने वर्ग, दुप्पट, वर्ग, दुप्पट अशा खुणा मिळतात. उलट जाताना एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ आणि आठाचे चौसष्ट होतात. म्हणजे सहा अक्षरी चरणाची ६४ रूपे.

आता संचांकडे वळू. सहा वस्तूंचा एक संच घ्या. त्याचा उपसंच करताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : तू आत की बाहेर? आत असेल तर गुरू लिहा, बाहेर असेल तर लघू लिहा. प्रत्येक उपसंच म्हणजे सहा अक्षरांचा एक चरण झाला, आणि उपसंचही ६४ च झाले. सर्व लघू असलेला चरण म्हणजे रिक्त संच; सर्व गुरू असलेला चरण म्हणजे मूळचा पूर्ण संच. संचसिद्धान्ताची भाषा जर्मन गणिती गेओर्ग कॅंटर याने १८७४ पासूनच्या लेखनात घडविली. त्यामुळे पिंगलाला संचसिद्धान्त ठाऊक होता असे मी म्हणणार नाही. मात्र उपसंच मोजण्याची कृती त्याच्या प्रस्तारात पूर्णपणे आहे, हे कोणालाही पडताळून पाहता येते.

२. धारनगरीतला मेरू

चौसष्ट रूपांपैकी एकच गुरू असलेली किती, दोन गुरू असलेली किती, हा पुढचा प्रश्न. याचे स्पष्ट विवरण हलायुधाच्या ‘मृतसंजीवनी’ या पिंगलसूत्रांवरील टीकेत येते. हा हलायुध दहाव्या शतकातला. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटाशी त्याचा संबंध होता आणि पुढे तो परमार राजा वाक्पती मुंज याच्या आश्रयाला आला. माळव्याच्या राजसभेत सिद्ध झालेल्या या टीकेत त्याने मेरुप्रस्तार सांगितला. वर एक कोष्ठक, त्याखाली दोन, त्याखाली तीन अशी रचना करावी. कडेच्या कोष्ठकांत एक लिहावा. आतील प्रत्येक कोष्ठकात त्याच्या वरच्या दोन कोष्ठकांची बेरीज लिहावी. पर्वतासारखी ही आकृती म्हणून तिचे नाव मेरू. सहा अक्षरांसाठी जी ओळ येते ती अशी :

१, ६, १५, २०, १५, ६, १.

ही सात संख्यांची ओळ लक्षात ठेवा, कारण ती पुढे वेगवेगळ्या वेशांत आपल्याला भेटणार आहे. तिची बेरीज ६४ च होते.

मेरूच्याही आधी, सहाव्या शतकात, अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या अध्यायात सोळा सुगंधी द्रव्यांतून चार निवडण्याचे प्रकार १८२० असल्याचे नोंदविले. ही संख्या अचूक आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य याने ‘गणितसारसंग्रहा’त अशा निवडींचा सामान्य नियमच दिला. वैद्यांनी मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या सहा रसांच्या संयोगांचे ६३ भेद मानले. एकेक रसाचे ६, दोन रसांचे १५, तिन्हींचे २०, चारांचे १५, पाचांचे ६ आणि सहांचा १. ही मेरूचीच ओळ. फक्त कोणताच रस नसलेला भेद वैद्याला निरुपयोगी म्हणून त्याने सोडून दिला आहे. छंद, सुगंध आणि औषध अशा तीन ठिकाणी माणसे एकच गणित करीत होती.

३. पाटणचा शिलालेख

या परंपरेचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. तीत गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचे उदाहरण आहे आणि उत्तरात मेरूची तीच ओळ आहे. चारही चरणांची मिळून चोवीस अक्षरे घेतली तर रूपे होतात १,६७,७७,२१६. सहा रसांचेही उदाहरण आहे. शेवटच्या अंकपाश प्रकरणात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे धरता येतील, असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८०० आहे. विष्णूच्या चार हातांसाठी तेच उत्तर २४ येते. हात चारावरून दहावर गेले की संख्या कुठल्या कुठे जाते, हे मुलाला चित्र डोळ्यांपुढे आणून शिकविण्याची ही हातोटी पाहण्यासारखी आहे.

भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत कळते ती खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि शके ११२८ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले.

या लेखातील दोन गोष्टी आपल्या जिव्हाळ्याच्या आहेत. पहिली अशी की, घराण्याचा पूर्वज भास्करभट्ट याला राजा भोजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे धारनगरीत मान मिळविलेल्या घराण्याच्या वंशजांनी पुढे सह्याद्रीच्या परिसरात आणि खानदेशात गणिताचा वारसा चालविला. माळवा आणि महाराष्ट्र यांचे नाते होळकरांपासून सुरू झाले असे आपण समजतो. ते त्याहून सात शतके जुने आहे. दुसरी गोष्ट भाषेची. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, परंतु मठाला काय काय मिळावे हा तपशील मराठीत कोरला आहे. वंशाची थोरवी सांगायला संस्कृत, आणि देण्याघेण्याचा व्यवहार चोख राहावा म्हणून लोकांची मराठी! गणिताच्या शाळेचा खर्च ज्या भाषेत लिहून ठेवला, ती आठशे वर्षांपूर्वीची मराठी होती.

४. द्यूत आणि बेहड्याचे झाड

आतापर्यंत पाहिली ती गणना. आता दैवाच्या खेळाकडे वळू, कारण संभाव्यतेचा जन्म जुगारातून झाला असे नेहमी सांगितले जाते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे जुगाऱ्याचा विलाप म्हणून प्रसिद्ध आहे. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळे वापरीत. मूठभर फळे घेऊन चाराने भागावीत आणि बाकी पाहावी, असा तो खेळ असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बाकी शून्य आली तर कृत, तीन आली तर त्रेता, दोन आली तर द्वापर आणि एक आली तर कली. युगांची नावे या डावांच्या नावांवरून आली. संचांच्या भाषेत बोलायचे तर सर्व संख्या येथे चार वर्गांत विभागल्या गेल्या. कोणतीही संख्या दोन वर्गांत नाही आणि कोणतीही वर्गाबाहेर नाही.

महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. राजा ऋतुपर्ण रथातून जाताना बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नल रथ थांबवून फळे मोजतो आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, देतो. फासे जाणणारा आणि न मोजता अंदाज करणारा हा एकच पुरुष असावा, ही कल्पना विलक्षण आहे. पाश्चात्त्य अभ्यासकांनीही या कथेची दखल घेतली आहे. तथापि ऋतुपर्णाने ती संख्या कशी काढली, हे महाभारत सांगत नाही. रीत सांगितलेली नसताना तिला शास्त्र म्हणणे योग्य नव्हे.

५. गणना म्हणजे संभाव्यता नव्हे

येथे आपण माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्याकडे मेरू होता आणि द्यूतही होते. या दोहोंचा संगम मात्र आपल्या कोणत्याही उपलब्ध प्राचीन ग्रंथात स्पष्टपणे झालेला मला आढळला नाही. तो संगम युरोपात १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात झाला. प्रश्न साधा होता. तीन डाव जिंकणाऱ्याला सर्व रक्कम मिळायची आहे. दोघांनी प्रत्येकी बत्तीस नाणी लावली आहेत. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ मोडला, तर वाटणी कशी करावी? पास्कालचे उत्तर असे : पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर सर्व चौसष्ट त्याचीच, हरला तर दोघे बरोबरीत, म्हणजे बत्तीस त्याची. बत्तीस तर त्याची कोणत्याही स्थितीत आहेतच. उरलेल्या बत्तीसांवर दोघांचा सारखा हक्क. म्हणून पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६. जे घडलेच नाही, त्याला वजन देऊन व्यवहार करता येतो, हा विचार येथे जन्मला. मोठ्या प्रश्नांसाठी पास्कालने जो अंकांचा त्रिकोण वापरला, तो म्हणजे हलायुधाचा मेरूच.

आपल्याकडे हे पाऊल का पडले नाही, याची अनेक कारणे सुचविली जातात. त्यांतले कोणते खरे, हा निवाडा मी करणार नाही. माझ्यापुढे दोन टोकांची माणसे नेहमी येतात. एक म्हणतो, सर्व काही आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. दुसरा म्हणतो, आपल्याकडे काहीच नव्हते. दोघांनाही मूळ ग्रंथ उघडण्याचे कष्ट नको असतात. जे होते ते नेमके सांगावे, जे नव्हते तेही नेमके सांगावे. पूर्वजांचा आदर याहून वेगळा नसतो.

गणना आणि संभाव्यता यांतला भेद मी घरातल्याच उदाहरणाने सांगतो. सहा कवड्या फेकल्या. प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडते. एकूण प्रकार ६४. आणि उताण्या कवड्यांच्या संख्येनुसार ते पुन्हा १, ६, १५, २०, १५, ६, १ असे वाटले जातात. सहाही उताण्या पडण्याचा प्रकार एक, तीन उताण्या पडण्याचे वीस. मग सहाही उताण्या पडण्याची संभाव्यता चौसष्टात एक म्हणावी का? कवडीची पाठ फुगीर असते आणि पोट चपटे व चिरलेले असते. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असे मानायला काही आधार नाही. मेरू प्रकार मोजून देतो, पण प्रत्येक प्रकाराचे वजन सांगत नाही. ते वजन कळण्यासाठी कवडी शेकडो वेळा फेकून नोंद ठेवावी लागते. याकोब बर्नोलीचा १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच विचारावर उभा आहे.

काव्यातले उदाहरण पाहा. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत. एका चरणात बारा अक्षरे, य गण चार वेळा. बारा अक्षरांची एकूण रूपे ४०९६ आणि त्यांतले भुजंगप्रयात एक. परंतु बारा अक्षरी कोणतीही मराठी ओळ उचलली तर ती भुजंगप्रयातात असण्याची संभाव्यता ४०९६ मध्ये एक, असे म्हणता येणार नाही. बोलभाषेत लघू आणि गुरू सारख्या प्रमाणात येत नाहीत, एका अक्षराचा शेजारच्या अक्षराशी संबंध असतो, आणि कवी तर हेतुपूर्वक रचना करतो.

६. आणि, किंवा, नाही

संचांकडे आता व्याकरणाच्या वाटेने पाहू. शाळेत आपण ‘आणि’ला समुच्चयबोधक आणि ‘किंवा’ला विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतो. संचांत ‘आणि’ म्हणजे छेद, ‘किंवा’ म्हणजे संयोग. येथे भाषेची एक खोडी शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. ‘मराठी आणि गुजराती मुलांनी उभे राहावे’ असे म्हटले तर दोन्ही गटांतली सर्व मुले उभी राहतात. म्हणजे बोलण्यात ‘आणि’ असूनही अर्थ संयोगाचा झाला. गणितात मात्र ‘आणि’ म्हणजे एकाच वेळी दोन्ही. ही गाठ वर्गात उकलली नाही, तर मुलगा गणितात कच्चा ठरतो. वास्तविक त्याने आपली भाषा बरोबरच वापरलेली असते.

समजा, चाळीस मुलांच्या वर्गात पंचवीस क्रिकेट खेळतात, अठरा बुद्धिबळ खेळतात आणि दहा दोन्ही खेळतात. निदान एक खेळ खेळणारी मुले त्रेचाळीस होत नाहीत, कारण दहा मुले दोनदा मोजली गेली. ती वजा करता तेहतीस उरतात. बाकीच्या सातांविषयी आपण म्हणतो, ‘ही मुले क्रिकेट किंवा बुद्धिबळ खेळतात असे नाही’. म्हणजेच ‘ती क्रिकेटही खेळत नाहीत आणि बुद्धिबळही खेळत नाहीत’. नकार आत गेला की ‘किंवा’चा ‘आणि’ होतो. हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन याचा जन्म १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला झाला. पुढे १९३३ मध्ये रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह याने संभाव्यतेची सर्व इमारत संचांच्या पायावर उभी केली. घटना म्हणजे संच, आणि संभाव्यता म्हणजे त्या संचाला दिलेले वजन. 

७. आपल्या माणसांचे कार्य

विसाव्या शतकात मराठी माणसांनी या शास्त्रात मोलाची भर घातली. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजने संख्याशास्त्राच्या कसोटीला लावली. नाणे जितके अधिक काळ हातोहाती फिरते तितके झिजते. त्या झिजेवरून नाण्यांच्या काळाचा क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखविले. याच कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली. साहित्य आणि गणित ही दोन घरे वेगळी नाहीत, याचा याहून मोठा दाखला मजजवळ नाही.

सातारा जिल्ह्यातील डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातील पिकाचा अंदाज नमुना-पद्धतीने काढण्याचे काम देशव्यापी पायावर नेण्यात पुढाकार घेतला. सगळे शेत न कापता, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडलेल्या थोड्या तुकड्यांवरून सगळ्या प्रदेशाचे पीक सांगायचे! ऋतुपर्णाने दोन फांद्यांवर जे केले असे कथा सांगते, ते येथे रीतसर, आणि चूक किती असू शकेल हेही सांगून केले जाते. कोल्हापूरचे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभारला आणि शिष्यांची पिढी घडविली.

८. दोन शब्द, एक शास्त्र

शेवटी शब्दांविषयी. इंदूरच्या विद्यार्थ्याला शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘समुच्चय’ आणि ‘प्रायिकता’ हे शब्द भेटतात. मराठी पुस्तकात तेच ‘संच’ आणि ‘संभाव्यता’ होतात. पालक याला अडचण समजतात. मला ती संधी वाटते. ‘संच’ हा शब्द आपण ग्रंथांचा संच, भांड्यांचा संच असा घरात वापरतो. त्यामुळे मुलाला तो परका वाटत नाही. ‘संभाव्यता’ या शब्दात ‘संभव’ आहे : काय काय घडू शकते, ते सर्व पुढे मांडून मोजणे. हा मेरूचा, पिंगलाचा मार्ग. ‘प्रायिकता’ या शब्दात ‘प्रायः’ आहे : बहुतेक वेळा काय घडते, ते पाहणे. हा कवडी फेकून नोंद ठेवणाऱ्याचा, बर्नोलीचा मार्ग. एका शास्त्राच्या दोन बाजू दोन भाषांनी वाटून घेतल्या आहेत. ज्याला दोन्ही शब्द कळतात, त्याला शास्त्राची दोन्ही अंगे शब्दांतच सापडतात. घरची मराठी सोडून दिली, तर यातला एक डोळा मिटतो, एवढे पालकांनी ध्यानी घ्यावे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती करतो. घरी सहा कवड्या मिळवा. त्या दोनशे वेळा फेका आणि प्रत्येक वेळी किती उताण्या पडल्या ते वहीत लिहा. शेजारी मेरूची ओळ मांडा. दोहोंत अंतर पडेल. ते अंतर कशामुळे पडले याचा विचार करा, आणि आपल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. पुढे आयुष्यात विम्याचा हप्ता, पावसाचा अंदाज, औषधाचा गुण आणि झटपट श्रीमंतीची जाहिरात या साऱ्यांपुढे उभे राहाल, तेव्हा ही वही उपयोगी पडेल. नलाने राज्य घालविले, तेव्हा त्याला फाशांचे मर्म ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा त्याने राज्य परत मिळविले. तुम्हांला ते मर्म राज्य घालविण्याआधीच शिकायला मिळत आहे.